जगातील गजबजलेल्या विमानतळांवर विमान बदलताना : कोल्हापूरहून निघणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

कोल्हापूर, इचलकरंजी, कागल किंवा गडहिंग्लज येथून परदेशी निघालेल्या माणसाचा प्रवास सहसा एका विमानात पुरा होत नाही. उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळावरून किंवा रस्त्याने मुंबई गाठायची, तेथून दुबई, सिंगापूर, इस्तंबूल अथवा लंडनला विमान बदलायचे आणि मग मुलाच्या किंवा लेकीच्या गावी पोहोचायचे, असा बहुतेकांचा क्रम असतो. जगातील अतिशय गर्दीची विमानतळे आपल्या वाट्याला येतात ती अशी, मधल्या टप्प्यावर आणि बहुधा अपुऱ्या झोपेत. तेथील धबधबे, बागा, मोफत चित्रपटगृहे यांच्या याद्या वाचून प्रवासी हरखतो. पण त्यांतल्या कोणत्या गोष्टी आपल्या वाट्याला येतील, हे त्याचे तिकीट, त्याचा व्हिसा आणि हातात असलेला वेळ या तीन गोष्टींवर आधीच ठरून गेलेले असते. म्हणून या लेखात सुरुवात तिकिटापासून केली आहे आणि सोयीसुविधांकडे नंतर वळलो आहे.

गर्दी मोजतात कशी

२०२४ च्या प्रवासीसंख्येनुसार पहिला क्रमांक अमेरिकेतील अटलांटाच्या हार्ट्सफील्ड-जॅक्सन विमानतळाचा असून तेथे वर्षभरात सुमारे १० कोटी ८० लाख प्रवाशांची नोंद झाली. त्यापाठोपाठ दुबई (९ कोटी २३ लाख), डॅलस-फोर्ट वर्थ (८ कोटी ७८ लाख), टोकियोचे हानेदा (८ कोटी ५९ लाख) आणि लंडनचे हीथ्रो (८ कोटी ३९ लाख) हे विमानतळ येतात. डेन्व्हर, इस्तंबूल आणि शिकागोचे ओ'हेअर आठ कोटींच्या आसपास आहेत. नवव्या क्रमांकावर ७ कोटी ७८ लाखांसह आपली दिल्ली आणि दहाव्यावर शांघायचे पुडोंग आहे.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या मोजणीत विमानातून उतरणारा आणि विमानात चढणारा असे दोन्ही प्रवासी धरले जातात, त्यामुळे मध्येच विमान बदलणाऱ्या एकाच माणसाची दोनदा नोंद होते. अटलांटा १९९८ पासून २०२० चे कोविडचे वर्ष वगळता सतत पहिला राहिला, याचे मोठे कारण हेच आहे की डेल्टा या विमान कंपनीचे ते मुख्य केंद्र असून तेथे विमान बदलणाऱ्यांचा भरणा फार मोठा असतो. त्यातील बहुसंख्य प्रवासी अमेरिकेतल्या अमेरिकेत फिरणारे असतात. केवळ आंतरराष्ट्रीय प्रवासी मोजले, तर पहिला क्रमांक २०१४ पासून दुबईचा आहे, आणि कोल्हापूरच्या प्रवाशाला जास्त उपयोगी यादी हीच आहे.

पहिली पायरी : तिकीट एकाच पीएनआरवर घ्यावे

कोणत्याही सोयीपेक्षा ही बाब मोलाची आहे. मुंबई ते दुबई आणि दुबई ते लंडन ही दोन्ही उड्डाणे एकाच आरक्षणात, एकाच पीएनआर क्रमांकावर असतील, तर पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकल्यास पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी विमान कंपनीची राहते आणि बॅगही मुंबईतून थेट शेवटच्या ठिकाणापर्यंत जाते. दोन वेगवेगळी तिकिटे घेतल्यास चार-पाच हजार रुपये वाचतील, पण मधल्या विमानतळावर बॅग ताब्यात घ्यायची, त्यासाठी त्या देशात प्रवेश करायचा, म्हणजे व्हिसा लागणार, पुन्हा चेक-इन करायचे, आणि विमान चुकले तर नवे तिकीट स्वतःच्या खिशातून काढायचे, हे सगळे पदरात पडते.

हाच नियम कोल्हापूर-मुंबई टप्प्यालाही लावावा. कोल्हापूरहून हैदराबाद किंवा बेंगळुरूमार्गे परदेशाचे तिकीट एकाच आरक्षणात मिळत असेल, तर ते जरूर पाहावे. स्वतंत्र तिकिटावर आदल्या रात्रीऐवजी त्याच दिवशी उजळाईवाडीहून उडून मुंबईचे आंतरराष्ट्रीय विमान पकडण्याचा बेत, विशेषतः पावसाळ्यात, मी कोणालाही सुचवणार नाही. येथून उडणारी विमाने मोजकी आहेत. एक रद्द झाले की त्याच दिवशीचे दुसरे मिळेलच असे नाही.

दोन विमानांमधील अंतर किती असावे, याविषयी कंपनी जे किमान अंतर मान्य करून तिकीट विकते ते तरण्याताठ्या, एकट्या आणि एकाच बॅगेच्या प्रवाशाला पुरते. आई-वडील सोबत असतील किंवा लहान मूल असेल, तर तीन तास ठेवावेत. अमेरिकेत पहिल्यांदा उतरून पुढचे विमान घ्यायचे असेल, तर तीन तासही मला कमी वाटतात. त्याचे कारण पुढे येईल.

दुसरी पायरी : रेषेच्या कोणत्या बाजूला राहायचे, ते ठरवावे

प्रत्येक आंतरराष्ट्रीय विमानतळाचे दोन भाग असतात. इमिग्रेशनच्या आत राहून फक्त विमान बदलणारा प्रवासी कायद्याने त्या देशात शिरलेलाच नसतो. इमिग्रेशन ओलांडले की तो त्या देशात दाखल होतो. विमानतळाच्या सुविधा या रेषेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेल्या असतात, आणि भारतीय पासपोर्टधारकाने हे आधी पाहिले नाही तर जे पाहायला म्हणून सात तासांचा थांबा घेतला, तेच पाहायला मिळत नाही.

देशानुसार परिस्थिती बरीच वेगळी आहे. दुबई, सिंगापूर, दोहा येथे एकाच तिकिटावर आतल्या आत विमान बदलणाऱ्या भारतीयाला व्हिसा लागत नाही. ब्रिटनमध्ये मात्र आतल्या आत विमान बदलतानाही भारतीय नागरिकाला ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा यांसारख्या काही देशांचा वैध व्हिसा असणाऱ्यांना अटींवर सूट मिळते, आणि ती सूट आपल्याला लागू आहे का, हे ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर तपासून घ्यावे. युरोपातील सामाईक व्हिसाच्या शेंगेन देशांचे ट्रान्झिटचे नियम एकमेकांहून वेगळे आहेत आणि ते बदलत राहतात, म्हणून ज्या देशात विमान बदलायचे त्याच देशाच्या दूतावासाचे संकेतस्थळ तिकीट काढण्यापूर्वी पाहावे. अमेरिकेत तर ट्रान्झिट क्षेत्र असा प्रकारच नाही. तेथून पुढे मेक्सिकोला जायचे असले तरी अमेरिकेत रीतसर प्रवेश करावा लागतो आणि त्यासाठी व्हिसा हवाच.

ज्याच्या पासपोर्टवर अमेरिका किंवा ब्रिटनचा वैध व्हिसा आहे, त्याच्यासाठी काही दारे सहज उघडतात. असा व्हिसा असलेल्या भारतीयाला दुबईत उतरल्यावर व्हिसा मिळू शकतो, तुर्कस्तानचा ई-व्हिसा काढता येतो, आणि सिंगापूरमध्ये अटी पूर्ण होत असल्यास ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय थांबता येते. मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांना हे ठाऊक नसते, आणि पुष्कळदा तिकीट काढून देणाऱ्या मुलालाही नसते.

तिसरी पायरी : कोल्हापूर ते मुंबई

तिकिटावर मुंबईचे कोणते विमानतळ लिहिले आहे, हे आता आधी वाचावे लागते. सहारच्या जुन्या विमानतळाचा संकेत बीओएम आहे, तर २०२५ च्या अखेरीस सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळाचा एनएमआय. नवी मुंबईचे विमानतळ पनवेलजवळ उलव्याला असल्यामुळे कोल्हापूर, सातारा, पुणे अशा मार्गाने येणाऱ्याला द्रुतगती मार्गावरून उतरून मुंबईच्या गर्दीत न शिरता तेथे पोहोचता येते. सहारसाठी मात्र वाशी-चेंबूरच्या पुढची रहदारी हिशेबात धरावी लागते. सहारला आंतरराष्ट्रीय उड्डाणे टर्मिनल २ वरून होतात.

विमान दुपारचे किंवा संध्याकाळचे असेल, तर रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची आहे: सकाळी दादरला उतरावे, टॅक्सी करावी, हातात वेळही राहतो. पहाटेच्या विमानासाठी मात्र आदल्या दिवशी सकाळीच निघावे. महामार्गाच्या रुंदीकरणाची कामे, खंबाटकी घाट आणि पुण्याचा वळसा यांपैकी एखाद्या ठिकाणी दोन तास अडकणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. रात्री तावडे हॉटेलजवळून सुटणाऱ्या आरामगाडीने पहाटेचे विमान पकडता येत नाही, हे उघड असले तरी लिहून ठेवणे बरे, कारण विमानाची तारीख मध्यरात्रीनंतर बदलते. पंधरा तारखेला रात्री १ वाजून ३० मिनिटांचे विमान म्हणजे चौदा तारखेच्या संध्याकाळीच मुंबईत हजर असायला हवे.

मुंबईतील इमिग्रेशनच्या रांगेवरचा एक उपाय फारसा वापरला जात नाही. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारकांसाठी (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी) सरकारने २०२४ मध्ये दिल्लीत सुरू करून नंतर मुंबईसह इतर विमानतळांवर नेलेल्या 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम' मध्ये ऑनलाइन नोंदणी करून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची छबी दिली, की स्वयंचलित फाटकातून जाता येते. नोंदणी पाच वर्षे किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत चालते. अर्ज प्रवासाच्या कितीतरी आधी करावा. तो मंजूर व्हायला वेळ लागतो.

चौथी पायरी : सामान, आणि मसाल्याचा प्रश्न

कोल्हापूरच्या घरातून परदेशी निघालेल्या बॅगेत कांदा-लसूण मसाला असतोच. बहुतेक घरांत त्याच्या वाटणात धने, तीळ, खोबरे यांच्या जोडीला खसखस पडते. संयुक्त अरब अमिरातींत आणि सिंगापूरमध्ये खसखस हा अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंदी असलेला पदार्थ आहे. नुसते विमान बदलणाऱ्याची चेक-इन बॅग तेथे सहसा उघडली जात नाही हे खरे, पण हातातली बॅग दुबईत पुन्हा तपासणीतून जाते, आणि पुढचे उड्डाण रद्द होऊन बॅगेसह शहरात जाण्याची वेळ आली, तर तोच मसाला कस्टम्सच्या टेबलावर येतो. तेव्हा परदेशी न्यायचा मसाला खसखस न घालता वेगळा कुटून घ्यावा. चवीत फरक पडतो, पण थोडाच.

बाकीच्या जिनसांचे थोडक्यात सांगतो. गुळाची ढेप चालते. काकवी द्रवपदार्थ असल्यामुळे शंभर मिलिलिटरच्या मर्यादेत येते, म्हणून ती चेक-इन बॅगेतच घालावी, आणि तूप व लोणच्याचेही तसेच करावे. सुके खोबरे तेलामुळे लवकर पेट घेणारे मानले जात असल्याने विमान कंपन्या ते अडवतात. पेढे, बर्फी आणि कोणताही दुधाचा अथवा मांसाचा पदार्थ युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे. अमेरिकेत खाद्यपदार्थ विचारल्यावर लपवू नयेत. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतात, पण लपवलेल्यावर दंड होतो. सिंगापूरमध्ये चघळण्याची तंबाखू, गुटखा, ई-सिगारेट आणि च्युइंगगम यांवर बंदी आहे. मावा खिशात ठेवून तेथे इमिग्रेशन ओलांडू नये.

औषधांबाबत विशेष काळजी घ्यावी. कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या अमिरातींत नियंत्रित आहेत; त्यांच्यासाठी तेथील आरोग्य खात्याची परवानगी आधी ऑनलाइन काढता येते. प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह, सोबत असावे आणि रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेत दोन दिवस जास्तीच्या ठेवाव्यात.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत कधीही घालू नये. ती शंभर वॅट-तासांपेक्षा कमी क्षमतेची असावी; बाजारात सर्रास मिळणारी वीस हजार एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-तासांची असते, त्यामुळे ती बसते. दुबईच्या एमिरेट्स या विमान कंपनीने १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रत्येकी एकच पॉवर बँक नेण्याची आणि ती विमानात अजिबात न वापरण्याची अट घातली आहे. मोबाइल विमानतळावरच चार्ज करून ठेवावा.

मुंबईच्या काउंटरवर बॅग पट्ट्यावर गेली, की तिला लावलेला कागदी टॅग वाचल्याशिवाय हलू नये. त्यावर मोठ्या अक्षरांत तीन अक्षरी संकेत छापलेला असतो तो बॅग जेथे जाणार त्या शेवटच्या विमानतळाचा, आणि मधला थांबा वेगळ्या ओळीत असतो. लंडनला जाणाऱ्याच्या टॅगवर मोठ्या अक्षरांत एलएचआर हवे. तेथे डीएक्सबी दिसले, तर बॅग दुबईलाच पट्ट्यावर येऊन पडेल. टॅगची पावती बोर्डिंग पासच्या मागे चिकटवून देतात, ती बॅग हाती येईपर्यंत जपावी आणि बॅगेचा फोटो काढून ठेवावा.

जाता जाता पायांविषयी. या विमानतळांवर गेटपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे चालणे नेहमीचे आहे. लेकीकडे रुबाबात जायचे म्हणून आदल्या दिवशी शिवाजी चौकात घेतलेली कोरी कोल्हापुरी पायांत घालून निघू नये. ती चावते, आणि दुबईत आणखी चावते.

पाचवी पायरी : मधल्या विमानतळावर उतरल्यावर

विमानातून बाहेर पडताच गर्दीच्या मागे जायचे नाही. बरेचसे प्रवासी शहरात जाणारे असतात आणि ते इमिग्रेशनच्या दिशेने निघालेले असतात. आपण 'ट्रान्स्फर' किंवा 'फ्लाइट कनेक्शन्स' असे फलक धरून चालावे. हीथ्रोवर हे फलक जांभळे असतात. पहिल्या मोठ्या पडद्यापाशी थांबून आपल्या विमानाचा क्रमांक शोधावा आणि टर्मिनल व गेट वाचावे, कारण मुंबईत दिलेल्या बोर्डिंग पासवरचे गेट तोवर बदललेले असू शकते. बोर्डिंग पासवरची 'बोर्डिंग'ची वेळ आणि सुटण्याची वेळ यांत चाळीस ते साठ मिनिटांचे अंतर असते. पाळायची ती पहिली वेळ.

अनेक मोठ्या विमानतळांवर आता प्रत्येक उड्डाणाची उद्घोषणा होत नाही. आपले नाव पुकारतील या भरवशावर बाकावर डुलकी काढणाऱ्याचे विमान निघून जाते. आधी गेट गाठावे, तेथपर्यंतचे अंतर पायाखालून जाऊ द्यावे आणि मगच खाणे, खरेदी किंवा झोप याकडे वळावे.

दुबई

आपल्याकडचे सर्वाधिक प्रवासी येथूनच जातात, म्हणून थोडे विस्ताराने. येथे तीन टर्मिनल आहेत. टर्मिनल ३ एमिरेट्सचे असून त्याच्या ए, बी आणि सी अशा शाखा आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेली ए ही शाखा ए-३८० या दुमजली विमानांसाठी खास बांधली गेली. ए आणि बी यांच्यामध्ये आगगाडी धावते, बी ते सी चालत जाता येते. इतर बहुतेक परदेशी कंपन्या टर्मिनल १ च्या डी शाखेतून उडतात. टर्मिनल २ धावपट्टीच्या पलीकडे, पार दुसऱ्या बाजूला आहे आणि फ्लायदुबईची पुष्कळ विमाने तेथून सुटतात. एमिरेट्सने येऊन टर्मिनल २ वरून फ्लायदुबईने जायचे असेल, तर विमानतळाच्या बसची वाट पाहणे आणि प्रवास मिळून मोठा वेळ जातो. अशा तिकिटात दोन तासांचे अंतर असेल तर मी ते घेणार नाही.

दुबईची गंमत अशी की येथे रात्रीच खरी वर्दळ असते. मध्यरात्रीनंतर युरोप-अमेरिकेची आणि भारतीय उपखंडाची विमाने एकमेकांना जोडून घेतात, त्या वेळी खुर्च्या, प्रसाधनगृहे, खाद्यगृहे सगळे भरलेले असते. झोपेसाठी टर्मिनल ३ च्या आतच, इमिग्रेशन न ओलांडता राहता येईल असे हॉटेल आहे आणि तासाच्या दराने मिळणारे झोपायचे कक्षही आहेत. दोन्ही महाग, पण आधी आरक्षण केल्यास मिळतात. बी शाखेतील झाडांची छोटी बाग तुलनेने शांत असते. मोफत वाय-फाय चांगले चालते. एमिरेट्सच्या एकाच तिकिटावर थांबा फार लांब असेल, तर कंपनी अटींवर हॉटेल देते; मात्र त्यासाठी प्रवासाआधी अर्ज करावा लागतो, दुबईत उतरून मागून ते मिळत नाही. व्हिसा असेल तर टर्मिनल १ आणि ३ या दोन्हींवरून मेट्रोने थेट शहरात जाता येते.

सिंगापूर, दोहा, इस्तंबूल

सिंगापूरचे चांगी विमानतळ पहिल्या दहांत नाही, पण सोयींच्या बाबतीत त्याचे नाव आधी घ्यावे लागते. ज्याची छायाचित्रे सगळीकडे दिसतात तो चाळीस मीटर उंचीचा घरातला धबधबा २०१९ मध्ये उघडलेल्या 'ज्युएल' या इमारतीत आहे, आणि ज्युएल इमिग्रेशनच्या बाहेर आहे. व्हिसा नसलेल्या भारतीयाला तो जवळून पाहता येत नाही. हिरमोड होऊ नये म्हणून आत काय आहे ते सांगतो: टर्मिनल ३ मधले फुलपाखरांचे उद्यान, टर्मिनल २ आणि ३ मधील मोफत चित्रपटगृहे, आडवे पडण्याच्या खुर्च्यांचे विश्रांती कक्ष आणि टर्मिनल १ च्या गच्चीवरील पैसे देऊन वापरता येणारा पोहण्याचा तलाव. साडेपाच ते चोवीस तासांचा थांबा असणाऱ्यांना मोफत नगरदर्शन मिळते, पण त्यासाठी देशात प्रवेश करण्याची पात्रता हवी. टर्मिनल १, २ आणि ३ येथे सुरक्षा तपासणी प्रत्येक गेटवर होते, त्यामुळे आतच विकत घेतलेली पाण्याची बाटलीही गेटवर रिकामी करावी लागते.

दोह्याच्या हमद विमानतळावर सात मीटर उंचीचे पिवळ्या अस्वलाचे शिल्प आणि २०२२ मध्ये खुली झालेली 'द ऑर्चर्ड' ही काचेच्या छताखालची बाग, ही दोन्ही इमिग्रेशनच्या आत आहेत. व्हिसा नसलेल्या प्रवाशाला चार-पाच तास काढायचे असतील, तर मला दुबईपेक्षा दोहा बरे वाटते.

इस्तंबूलचे नवे विमानतळ २०१८ च्या ऑक्टोबरात उघडले आणि एप्रिल २०१९ मध्ये जुन्यावरची सगळी प्रवासी उड्डाणे तेथे हलली. सगळे एकाच छपराखाली असल्याने टर्मिनल चुकण्याचा प्रश्न येत नाही, पण चालणे अमाप आहे. तुर्किश एअरलाइन्सने सहा ते चोवीस तासांच्या थांब्यावर जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शकासह मोफत शहरदर्शनाची सोय ठेवली आहे. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा वैध व्हिसा असणाऱ्या भारतीयाने ई-व्हिसा घेऊन तिचा लाभ जरूर घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मोफत वाय-फायला वेळेची मर्यादा असल्याने बोर्डिंग पास आणि पत्ते मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवावेत.

हीथ्रो

केवळ दोन धावपट्ट्यांवर आठ कोटींहून अधिक प्रवासी हाताळणाऱ्या या विमानतळावर वेळापत्रकात सैलपणा उरत नाही. टर्मिनल २, ३, ४ आणि ५ चालू आहेत, टर्मिनल १ २०१५ मध्ये बंद झाले. एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जाण्यासाठी आतल्या आत बस असते आणि पुढच्या टर्मिनलवर सुरक्षा तपासणी नव्याने होते. टर्मिनल ५ मध्ये बी आणि सी गेट मुख्य इमारतीत नसून भुयारी गाडीने जावे लागते, आणि गेटचा क्रमांक उशिरा जाहीर होतो. तो दिसताच उठावे. लंडनलाच उतरणाऱ्याने महागड्या टॅक्सीऐवजी २०२२ पासून धावणारी एलिझाबेथ लाइन किंवा त्याहून स्वस्त, पण हळू पिकॅडिली लाइन घ्यावी.

अमेरिकेत पहिले पाऊल

अटलांटा, डॅलस, शिकागो कोठेही असो, अमेरिकेत ज्या विमानतळावर आपण प्रथम उतरतो तेथेच सहसा इमिग्रेशन होते, बॅग पट्ट्यावरून उचलावी लागते, कस्टम्समधून न्यावी लागते आणि बाहेर पडताच असलेल्या काउंटरवर पुन्हा द्यावी लागते. टॅगवर शेवटच्या गावाचे नाव असले तरी ही उचल-ठेव सहसा चुकत नाही. त्यानंतर पुन्हा सुरक्षा तपासणी. इमिग्रेशनची रांग कधी वीस मिनिटांची, तर कधी दीड-दोन तासांची असते, म्हणून वर तीन तासही कमी म्हटले.

शिकागोत परदेशी विमाने मुख्यतः टर्मिनल ५ वर येतात आणि पुढच्या देशांतर्गत विमानासाठी टर्मिनल १ ते ३ कडे आगगाडीने जावे लागते. डॅलसमध्ये तपासणीच्या आतूनच पाचही टर्मिनलना जोडणारी स्कायलिंक गाडी आहे. अटलांटात टी, ए ते एफ अशा शाखा एकापुढे एक ओळीने उभ्या असून जमिनीखाली 'प्लेन ट्रेन' धावते. वेळ असेल तर गाडीत न बसता त्याच भुयारातून चालत जावे: टी आणि ए यांच्यामध्ये झिम्बाब्वेच्या दगडी शिल्पांचे प्रदर्शन आहे, ए आणि बी यांच्यामध्ये जंगलाचा आभास देणारी प्रकाशरचना, तर बी आणि सी यांच्यामध्ये अटलांटा शहराचा इतिहास. जगातील पहिल्या क्रमांकाच्या गर्दीत या भुयारात बरीच शांतता असते.

वयस्क प्रवासी

एकट्याने निघालेल्या आई-वडिलांसाठी व्हीलचेअर मागणे यात संकोच नको. ती मोफत असते, पण तिकीट काढताना किंवा उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी कंपनीला कळवून आरक्षणात नोंदवून घ्यावी लागते. चालता येते पण लांब अंतर झेपत नाही, अशांसाठी डब्ल्यूसीएचआर हा संकेत, आणि जिना चढता येत नाही अशांसाठी डब्ल्यूसीएचएस. व्हीलचेअर सांभाळणारा कर्मचारी इमिग्रेशन, तपासणी आणि गेट यांतून सोबत नेतो, त्यामुळे भाषेची अडचणही निम्मी होते. तरीही एका कागदावर मुक्कामाचा पत्ता, मुलाचा फोन क्रमांक, घेत असलेली औषधे आणि 'मला पुढचे अमुक विमान पकडायचे आहे' हे इंग्रजीत लिहून पासपोर्टमध्ये ठेवावे.

बिघडलेच तर

१६ एप्रिल २०२४ च्या पावसाने दुबईचे विमानतळ पाण्याखाली गेले आणि २१ मार्च २०२५ रोजी वीज उपकेंद्रातील आगीमुळे हीथ्रो जवळजवळ दिवसभर बंद राहिले. अशा वेळी काउंटरवर शेकडो माणसे उभी असतात. रांगेत उभे राहता राहताच कंपनीच्या ॲपवरून नवे विमान निवडता येते का पाहावे, आणि मुलाला वा नातेवाईकाला कंपनीच्या भारतातील क्रमांकावर फोन करायला सांगावे. तिकडून काम बहुधा लवकर होते. ब्रिटन किंवा युरोपीय संघातील विमानतळावरून निघणाऱ्या उड्डाणाला मोठा उशीर झाल्यास जेवण आणि रात्र पडल्यास मुक्काम देणे कायद्याने कंपनीवर बंधनकारक आहे, ते हक्काने मागावे. स्वतःच्या पैशाने खाल्ले असेल, तर पावत्या ठेवाव्यात.

बॅग आली नाही, तर विमानतळ सोडण्यापूर्वीच सामान-तक्रार काउंटरवर नोंद करून तिचा क्रमांक घ्यावा. घरी पोहोचून केलेल्या तक्रारीला कंपनी हजार प्रश्न विचारते. परतीच्या प्रवासात हे मुंबईत घडले, तर बॅग कोल्हापूरच्या पत्त्यावर पोहोचवण्याची मागणी तेथेच लेखी नोंदवावी. परतीच्या रेल्वेचे किंवा बसचे आरक्षण विमान उतरण्याच्या वेळेपासून किमान चार तासांनंतरचे असावे.